वाघाच्या जंगलाशेजारी तंबू लावायचाय? आधी एक रात्र पाहुणा म्हणून राहा!



वणीतल्या एका प्रशिक्षण वर्गानंतर एक तरुण भाऊ थांबला होता. बाकीचे गेले तसा तो जवळ आला.

"सर, आमची जमीन कोळशाच्या खाणीत गेली. मोबदला बँकेत पडून आहे. टिपेश्वरच्या बाजूला सासऱ्यांची चार एकर जागा आहे. तिथं रिसॉर्ट टाकतो म्हणतो. बारा एसी कॉटेज, एक स्विमिंग पूल, लग्नासाठी हॉल. मोबदल्यात जे कमी पडेल ते बँक देते म्हणाली."

मी त्याला एकच प्रश्न विचारला. "भाऊ, तुम्ही स्वतः कधी जंगलाशेजारच्या कॅम्पवर रात्र काढली आहे का?"

तो हसला. "नाही सर. आपण तर इथलेच. आपल्याला कशाला पैसे देऊन जंगल पाहायचं?"

आजचा लेख या उत्तरावर आहे. कारण हीच चूक मी अनेक ठिकाणी पाहतो. आपण जे विकणार आहोत ते आपण स्वतः कधी विकत घेतलेलं नसतं. आणि मोबदल्याचा पैसा एकदाच येतो. शेत परत मिळत नाही आणि तो पैसाही परत मिळत नाही. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

आधी पाहू, आफ्रिकेत पाहुणा नेमका कशाचे पैसे देतो

मी आफ्रिकेला गेलेलो नाही. पण तंबूच्या कॅम्पचा धंदा शिकायचा तर बोत्सवाना, नामिबिया, झांबिया या देशांतली पद्धत अभ्यासावीच लागते, कारण हा धंदा तिथं कित्येक वर्षं चालू आहे.

तिथल्या एका लहान कॅम्पमध्ये साधारण सहा ते बारा तंबू असतात. तंबू जाड कॅनव्हासचा, लाकडी मचाणावर उभा केलेला. आत नीट पलंग, स्वच्छ चादर, मागच्या बाजूला संडास-बाथरूम. वीज सोलरची, म्हणजे मोजून मापून. फोन आणि कॅमेरा चार्ज करायची सोय बऱ्याच ठिकाणी एका मध्यवर्ती जागीच असते.

अंघोळीची पद्धत तर आपल्याला ओळखीची वाटेल. झाडाला किंवा खांबाला कॅनव्हासची बादली टांगलेली असते. पाहुणा वेळ सांगतो. त्या वेळी कॅम्पचा माणूस चुलीवर तापवलेलं पाणी बादलीत ओततो, खाली फवारा असतो, दोरी ओढली की पाणी सुरू. म्हणजे आपल्या आजीच्या बंबाचाच भाऊ! साधारण वीस लिटरमध्ये अंघोळ होते. आपल्या घरच्या शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं तर त्याच्या चौपट पाणी सहज जातं.

पहाटे तंबूबाहेर हाक येते, चहा-कॉफी येते. उजाडता उजाडता सफारी. दुपारी जेवण आणि आराम. संध्याकाळी परत सफारी. रात्री शेकोटीभोवती जेवण आणि गप्पा. अंधार पडल्यावर पाहुण्यानं एकट्यानं तंबूकडे चालायचं नाही, हा कडक नियम. कॅम्पचा माणूस टॉर्च घेऊन सोडायला येतो. कारण अनेक कॅम्पना कुंपणच नसतं. हत्ती, तरस, कधी सिंह तंबूजवळून जातात. म्हणून तंबूत शिट्टी किंवा भोंगा ठेवलेला असतो.

आता विचार करा. या पाहुण्यानं पैसे कशाचे दिले? टीव्ही नाही, एसी नाही, पूल बऱ्याच ठिकाणी नाही. तरी तो शहरातल्या मोठ्या हॉटेलपेक्षा जास्त भाडं देतो. तो पैसे देतो अंधाराचे, शांततेचे आणि आपल्यासोबत फार माणसं नाहीत याचे.

बोत्सवाना देशाचं तर पर्यटन धोरणच असं आहे: पर्यटक कमी, पण प्रत्येकाकडून मिळणारं मूल्य जास्त. ओकावांगो नदीच्या पाणथळ प्रदेशातले कॅम्प म्हणूनच लहान ठेवले जातात.

आता आपल्या भाऊच्या बारा एसी कॉटेज आणि लग्नाच्या हॉलकडे पाहा. जी वस्तू पाहुणा विकत घ्यायला येणार, तीच आपण डीजे लावून मारून टाकणार!

आपलं जंगल, आपला हंगाम

वणीकर मित्रांनो, तुमची जागा सोन्यासारखी आहे. एका बाजूला चंद्रपूरवरून ताडोबा, दुसऱ्या बाजूला पांढरकवड्याजवळ टिपेश्वर. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ पासून आहे, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. टिपेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर. म्हणजे लहानच. पण याच टिपेश्वरमधून कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातून फिरत फिरत सुमारे ३,००० किलोमीटर चालून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. देशभर बातमी झाली. हैदराबाद-नागपूर हायवेला लागून हे अभयारण्य आहे, त्यामुळे दोन्ही शहरांतून पाहुणा येऊ शकतो.

पण आफ्रिकेचा कॅम्प उचलून जसाच्या तसा इथं ठेवता येणार नाही. का, ते नीट समजून घ्या. माझ्या मते हाच या लेखातला सगळ्यात कामाचा मुद्दा आहे.

दक्षिण आफ्रिका खंडाच्या त्या भागात कोरडा हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर. पाणी आटतं, गवत कमी होतं, प्राणी पाणवठ्यावर येतात. आणि त्यातले सुरुवातीचे महिने तिथं हिवाळ्याचे असतात! जून-जुलैच्या रात्री इतक्या थंड की झोपायच्या आधी पाहुण्याच्या अंथरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवतात. म्हणजे प्राणी दिसायचा हंगाम आणि तंबूत राहायचा हंगाम, बराचसा एकच.

आपल्याकडे काय? वाघ पाणवठ्यावर हमखास दिसायचे महिने एप्रिल-मे. आणि तेव्हा वणी-चंद्रपूरचं ऊन तुम्हाला मी सांगायला नको! पंचेचाळीस अंशांत एकपदरी कापडी तंबू म्हणजे भट्टी.

मी स्वतः एका एप्रिलमध्ये ताडोबाच्या बाजूला अशा तंबूत राहिलो आहे. नाव सांगत नाही. दुपारी तीन वाजता तंबूच्या कापडाला हात लावला तर चटका बसत होता. आत एसी होता, पण कापडातून थंडावा निघून जात होता. रात्री जनरेटर तंबूपासून पन्नास पावलांवर धडधडत होता, आवारात फ्लडलाइट. वाघ सोडा, रातकिडासुद्धा ऐकू आला नाही. सकाळी बिल देताना मनात आलं, एवढ्या पैशात मी चंद्रपुरात लॉजवर निवांत झोपलो असतो.

त्या एका रात्रीत मी जे शिकलो ते कुठल्याही प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नव्हतं.

मग तंबू कसा हवा?

सफारी सकाळी आणि दुपारनंतर. म्हणजे सकाळी दहा ते दुपारी अडीच-तीन, हे चार-पाच तास पाहुणा तुमच्या ताब्यात असतो. तंबूची रचना या तासांसाठी करा.

१. सावली आधी, तंबू नंतर. जागेवरचं मोह, कडुनिंब, चिंच असं एकही मोठं झाड तोडू नका. तंबूची जागा झाड ठरवेल, नकाशा नाही. तंबूच्या वर वेगळं गवताचं किंवा बांबूच्या तट्ट्याचं छप्पर घाला आणि छप्पर व कापड यांच्यात हात-दीड हात मोकळी हवा ठेवा. ऊन छप्पर सोसेल, कापड नाही.

२. एसी नको, कूलर. विदर्भाचं ऊन कोरडं आहे, म्हणून कूलर इथं उत्तम चालतो. पावसाळ्यात दमट हवेत तो चालत नाही, पण पावसाळ्यात जंगलच बंद असतं! दीड टनाच्या एसीला साधारण दीड हजार वॅट लागतात, कूलरला साधारण दोनशे. म्हणजे कूलर सोलरवर चालवता येतो आणि जनरेटरची कटकट जाते. मात्र कूलर पाणी पितो, तेव्हा बोअरला मे महिन्यात पाणी असतं का, हे आधी पाहा. शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, तो खरं सांगेल.

३. काळ्या मातीत सिमेंटचा ओटा घालू नका. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पायाचा ओटा दोन-तीन वर्षांत तडकतो. त्यापेक्षा खाली मुरमापर्यंत खांब नेऊन वर मचाण करा. खाली हवा खेळते, पावसाचं पाणी निघून जातं, साप-विंचू आत येण्याचा धोका कमी होतो आणि धंदा नाही चालला तर सगळं उचलून नेता येतं. नुसतं लाकूड उधळी खाईल, म्हणून सांगाडा लोखंडी आणि वर प्रक्रिया केलेला बांबू. बांबूचं काम शिकायचं असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. एकदा जाऊन या.

४. दिवे खाली तोंड करून. पिवळा, मंद, पायवाटेपुरता. आभाळात चांदण्या दिसल्या पाहिजेत. मुंबई-पुण्याच्या पोरांनी तेवढ्या चांदण्या कधी पाहिलेल्या नसतात. ही तुमची फुकटची वस्तू आहे, फ्लडलाइट लावून घालवू नका.

५. कचरा आणि खरकटं. प्लॅस्टिक बाटल्यांऐवजी माठ आणि तांब्या. खरकटं झाकलेल्या खड्ड्यात, त्याच संध्याकाळी. उघडं ठेवलं तर रानडुकरं येतात, कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो.

६. ताटात आपलंच. पाहुण्याला पनीर बटर मसाला त्याच्या गावात मिळतो. त्याला ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, पातोडीची भाजी, आंबाडी, जवसाची चटणी, पानगे द्या. हंगामात सीताफळ, टेंभरं. यातलं बरंचसं पाच किलोमीटरच्या आतून येईल.

आता कागद-पेन घ्या, हिशेब करू

हे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या जागेचे आकडे घालून तुम्ही परत करायचा आहे.

समजा चार तंबू. मचाण, छप्पर, तंबू, बाथरूम धरून प्रत्येकी ३ लाख, म्हणजे १२ लाख. स्वयंपाकघर आणि जेवणाची शेड ४ लाख. सोलर, पाणी, सांडपाणी ४ लाख. एकूण २० लाख. त्यात १५ लाख स्वतःचे, ५ लाख कर्ज. ११ टक्के व्याजानं सात वर्षांचा हप्ता महिन्याला साधारण ८,६०० रुपये, वर्षाला सुमारे १ लाख ३ हजार.

१ ऑक्टोबर ते ३० जून हा हंगाम धरला तर २७३ रात्री होतात. त्यात शुक्रवार-शनिवारच्या रात्री साधारण ७८. बाकी १९५ रात्री सोमवार-मंगळवारसारख्या!

- शुक्रवार-शनिवार ७० टक्के भरले: सुमारे २१८ तंबू-रात्री
- बाकीच्या दिवशी १५ टक्के: ११७ तंबू-रात्री
- एकूण ३३५

दोन माणसं, जेवणासह एका तंबूचे ५,००० रुपये धरले तर वर्षाची विक्री १६ लाख ७५ हजार.

आता खर्च:

- जेवण, धुलाई, चहापाणी, दर तंबू-रात्रीला १,३०० प्रमाणे: ४ लाख ३६ हजार
- चार माणसांचा पगार, प्रत्येकी १२,००० प्रमाणे बारा महिने: ५ लाख ७६ हजार
- अर्धं बुकिंग पोर्टलवरून आलं आणि कमिशन १८ टक्के धरलं तर: १ लाख ५१ हजार
- दुरुस्ती: दीड लाख
- फोन, गॅस, विमा, इतर: १ लाख
- बँकेचा हप्ता: १ लाख ३ हजार

राहिले किती? वर्षाला साधारण १ लाख ६० हजार.

तोंड पडलं ना? थांबा. चारपैकी दोन कामं घरच्या दोघांनी केली, समजा स्वयंपाकाची देखरेख वहिनींनी आणि बुकिंग-पाहुणचार भाऊनं, तर त्या दोन पगारांचे २ लाख ८८ हजार घरातच राहतात. मग घरात येतात साधारण साडेचार लाख. म्हणजे महिन्याला ३७ हजारांच्या आसपास. यातूनच पाच-सात वर्षांनी तंबूचं कापड बदलायचं आहे, कारण आपलं ऊन कापड खातं. हा श्रीमंतीचा धंदा नाही. हा चांगल्या शेतीसारखा, घरानं मिळून करायचा धंदा आहे.

या हिशेबातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. वर्षाला किमान २८६ तंबू-रात्री भरल्या की ना नफा ना तोटा. तुमचा असा आकडा काढा आणि भिंतीवर लिहून ठेवा.

आता बारा कॉटेजवाला हिशेब थोडक्यात. एकूण खर्च १ कोटी २० लाख आणि त्यातलं कर्ज ८० लाख धरलं, तर त्याच व्याजानं आणि मुदतीनं महिन्याचा हप्ता १ लाख ३७ हजार. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर जंगल बंद. वाघ सुट्टीवर, पाहुणा सुट्टीवर, पण बँकेला सुट्टी नाही! त्या तीन महिन्यांतच ४ लाख ११ हजार भरायचे. कुठून?

आणि आणखी एक मर्यादा. रोज किती सफारी गाड्या आत सोडायच्या हे वनविभाग ठरवतो. तुम्ही शंभर खोल्या बांधल्या तरी गाड्या वाढत नाहीत. म्हणून बांधायच्या आधी गेटवर जाऊन दोन आकडे घ्या: रोजच्या गाड्यांची मर्यादा आणि आजूबाजूला आधीच असलेल्या खोल्या. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा खूप पुढे गेला असेल, तर तुमच्या पाहुण्याला सफारीच मिळणार नाही.

परवानग्या: इथं घाई करू नका

- अभयारण्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र असतं. अशा क्षेत्रांच्या अधिसूचनांमध्ये सहसा हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवीन हॉटेल-रिसॉर्टला मनाई असते, मात्र निसर्ग पर्यटनासाठी लहान तात्पुरत्या रचनांना वाव ठेवलेला असतो. इथं तंबूला सिमेंटपेक्षा सोयीची बाजू मिळते. पण तुमचा गट नंबर नेमका कुठं पडतो, हे वनविभागाकडून लेखी घ्या.
- केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांतली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथं पेसा कायद्यामुळे ग्रामसभेला महत्त्व आहे आणि आदिवासी बांधवांची जमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. "नावावर त्यांच्या, कब्जा माझा" असले व्यवहार करू नका. कायद्यानंही चूक आणि माणुसकीनंही.
- शेतकरी असाल तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण वाचा आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची चौकशी करा. महिला उद्योजक असाल तर "आई" पर्यटन धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज परताव्याची योजना आहे, तिच्या अटी नीट वाचा.
- अन्न परवाना, जमिनीचा वापर, विमा. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती ठरलेल्या फॉर्ममध्ये भरावी लागते.
- सेवा व्यवसायात जीएसटी नोंदणीची साधारण मर्यादा २० लाख आहे, पण पोर्टलवरून बुकिंग घेताना नियम वेगळे लागू शकतात. सीएंना विचारा.

आणि हेही लक्षात ठेवा: २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन जुलै ते ऑक्टोबर बंद होतं. २०२० मध्ये कोरोना आला. हा धंदा तुमच्या हातात नसलेल्या कुलपावर चालतो. म्हणून निदान सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला पाहिजे. मोबदल्याचा सगळा पैसा मातीत घालायचा नाही.

शेजाऱ्याचं काय?

मित्रांनो, आता जो मुद्दा सांगतो तो बिझनेस प्लॅनमध्ये कुणी लिहीत नाही.

तुमच्यासाठी वाघ हा ब्रँड आहे. शेजारच्या शेतकऱ्यासाठी तो रात्री ओलिताला जाताना पोटात येणारा गोळा आहे. पांढरकवडा-राळेगाव भागात तेरा माणसांचे बळी गेले, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री टी-वन म्हणजे अवनी वाघीण गोळी घालून मारली गेली. त्या गावांत आजही ते कुणी विसरलेलं नाही. जागलीला जाणारा माणूस तुमच्या कॅम्पच्या कुंपणावरून शेकोटी पाहतो, तेव्हा त्याला काय वाटत असेल?

नामिबियानं यावर एक वाट काढली. तिथं १९९६ मध्ये कायदा बदलून गावसमूहांना वन्यजीव आणि पर्यटनाच्या उत्पन्नावर हक्क द्यायची सोय केली. त्याच वर्षी डमारालँड नावाचा तंबूंचा कॅम्प तिथल्या रहिवाशांशी करार करून सुरू झाला. पुढे १९९८ मध्ये त्या रहिवाशांची तोरा ही संस्था रीतसर नोंदली गेली. कॅम्पच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा गावाला, नोकऱ्या गावच्या मुलामुलींना. त्यातले काही शिकत शिकत व्यवस्थापक झाले. २००४ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. हत्ती तिथंही पिकं आणि पाण्याच्या टाक्या मोडतात. पण त्याच हत्तीमुळे गावात पगारही येतो.

तुम्ही सरकार नाही, कायदा बदलू शकत नाही. पण चार तंबूंचा मालक एवढं नक्की करू शकतो: चारही माणसं त्याच गावची. भाजी, दूध, ज्वारी गावातून, रोख पैसे देऊन. जवळच्या कोलाम पोडावरचा जंगल जाणणारा माणूस गाइड म्हणून, योग्य मानधनावर. आणि दर तंबू-रात्रीमागे शंभर रुपये गावाच्या कामासाठी, समजा शेतावरच्या सोलर दिव्यांसाठी. वर्षाला ३३५ तंबू-रात्रींचे साडेतेहतीस हजार होतात. तुमच्या नफ्याला हे जड वाटेल, पण दर ५,१०० करा आणि पाहुण्याला का ते सांगा. मे महिन्यात बोअर आटेल तेव्हा टँकरला वाट कोण देणार आहे? हाच शेजारी.

तुमचा गृहपाठ

एक रुपया गुंतवायच्या आधी तीन मुक्काम करा. एक तंबूत, एक गावातल्या होमस्टेमध्ये, एक मोठ्या रिसॉर्टमध्ये. त्यातला एक मे महिन्यात, एक डिसेंबरमध्ये आणि एक भर आठवड्यात. प्रत्येक ठिकाणी वहीत लिहा:

१. दुपारी तीन वाजता आत बसवतं का?
२. रात्री दहा वाजता काय ऐकू येतं?
३. रात्री संडासला जायला भीती वाटते का?
४. आज किती खोल्या भरल्या आहेत?
५. इथं परत यावंसं वाटेल ते कशासाठी?

तिन्ही मुक्कामांचा खर्च पंधरा-वीस हजार येईल. वीस लाखांच्या धंद्यासाठी यापेक्षा स्वस्त प्रशिक्षण नाही. माझा वर्गसुद्धा नाही!

आणि तो वणीचा भाऊ? त्यानं डिसेंबरात एका बुधवारी बायकोला घेऊन टिपेश्वरच्या बाजूला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"सर, रात्री साडेआठलाच सगळं सामसूम. अख्ख्या जागेत आम्ही दोघंच पाहुणे. बायको म्हणाली, किती शांत आहे, अजून एक दिवस राहू. अन् मी मनात मोजत होतो, बुधवारी माझे बारा कॉटेज कोण भरणार?"

मी विचारलं, "मग काय ठरवलं?"

"सध्या दोन तंबू लावतो सर. एक हंगाम चालवून पाहतो. बाकी पैसा एफडीत."

तुमचा असा पहिला मुक्काम झाला की वहीतली पाच उत्तरं मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या लेखात. तोपर्यंत शिकत राहा, हिशेब करत राहा!